गळ्यापर्यंत हिंदुराव

कोल्हापूरला लोक अंबाबाईच्या दर्शनाला जातात, कुस्त्या बघायला जातात, चपला घ्यायला जातात. मी गेलो तो आमच्या तात्यांना पास करायला. तात्या हयात असते तर हे वाक्य ऐकून त्यांनी छडी शोधली असती, कारण गावात पास-नापास करायचं काम जन्मभर त्यांचं होतं. पण ते वारून बरीच वर्षं झाली होती, आणि स्वराज्य आल्यापासून खानदेशात जी पुतळ्यांची साथ सुरू झाली होती ती हळूहळू आमच्या गावापर्यंत पोचली होती.

तात्यांनी आमच्या गावात शाळा काढली, आणि शाळेच्या मागे पत्र्याच्या छपराखाली गरीब पोरांसाठी बोर्डिंग काढलं. त्या बोर्डिंगात माझी आई भाकऱ्या थापायची आणि मी त्या खायचो. त्याच भाकरीवर मी मॅट्रिक झालो, पुढे बी.ए. झालो आणि त्याच शाळेत मास्तर झालो. आमच्या घराण्यात माझ्या आधी कोणी शाळेची पायरी चढलं नव्हतं. वडील गावच्या शेठजींच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, हमाल होते. रुईच्या गाठी वाहायचे आणि पगाराच्या दिवशी अंगठा उठवायचे. मी सही करतो, आणि चांगली लांबलचक करतो. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. ज्यांच्या घरात आजोबा-पणजोबांपासून पदव्या आहेत त्यांनी विनय दाखवावा, त्यांना परवडतो.

तात्या मदत मागायला दारात आले की मागच्या दाराने जिनात निघून जाणारे जे शेठजी, तेच आता तात्यांच्या स्मारक समितीचे अध्यक्ष झाले होते. पुतळा ब्राँझचा करायचा आणि तो कोल्हापुरात करून घ्यायचा असं ठरलं. अशा कामात आधी शाडूच्या मातीत पुतळा उभा करतात. तो गावाकडच्या कोणीतरी बघून बरोबर आहे म्हणायचं, मगच तो ओतकामाला जातो. तात्यांना जवळून पाहिलेला आणि परगावी चार वाक्यं धड बोलू शकणारा माणूस म्हणून समितीने मला निवडलं.

निघताना शेठजी म्हणाले, "मास्तर, एकच बघा. भारदस्त पाहिजे. गावात शिरणाऱ्याला वाटलं पाहिजे, काय माणूस असेल!"

आईचा हुकूम निराळा होता. दशम्या फडक्यात बांधता बांधता ती आमच्या अहिराणीत म्हणाली, "नाना, तात्यास्ले जाडा नको करू देजो." तात्यांना जाड करू देऊ नकोस. तात्या रोज पोरांच्या पंगतीत बसायचे, अर्धी भाकरी खायचे आणि उरलेली अर्धी शेजारच्या पोराच्या ताटात सरकवायचे. ती अर्धी भाकरी आईने इतकी वर्षं थापली होती. ती कुठे गेली याचा हिशेब तिच्याजवळ होता.

दोन्ही हुकूम एकदम पाळता येणार नाहीत हे मला मनमाडपर्यंत कळलं. पुढच्या प्रवासात डोळ्यात कोळसा गेला, एवढंच सांगण्यासारखं घडलं.

तात्यांचं दर्शन

कोल्हापुरात अनोळखी माणसाला 'पावणं' म्हणतात. आमच्याकडे पाहुणा म्हणजे ज्याच्यासाठी घरात गोड करावं लागतं तो. इथे टांगेवालाही "सरका की पावणं, घोडं चावतंय" म्हणतो. हा मान आहे की अपमान, याचा निकाल मी टांग्यात बसून लावीत होतो, तोवर रंकाळ्याच्या अलीकडे दौलतराव आर्टिस्ट यांच्या कारखान्यापाशी आम्ही पोचलो. आर्टिस्ट हे त्यांचं आडनाव नव्हे. पण त्या गावात चित्र काढणाऱ्याला पेंटर आणि पुतळे करणाऱ्याला आर्टिस्ट असं एकदा म्हटलं की खरं आडनाव फक्त रेशनकार्डावर उरतं.

दौलतराव कोपरापर्यंत मातीने भरलेले होते. मिशा सोडून बाकी सगळ्या अंगावर शाडू उडाला होता.

"या मास्तर. लई वाट बघाय लावलीसा. तात्या तयार हायती," असं म्हणून त्यांनी मधोमध उभ्या असलेल्या उंच आकृतीवरची ओली फडकी भराभर उतरवली.

मी हात जोडले, आणि तसेच ठेवून डोळे खाली केले. तात्या पूर्ण उघडे होते.

"कपडे?" मी विचारलं.

"कपडे मागनं. आधी उघडा माणूस करायचा, मग त्येला मातीचं धोतर-कोट नेसवायचं. न्हाईतर कोट खुंटीला टांगल्यागत दिसतोय."

मी हळूहळू डोळे वर केले. तोंड पाहिलं आणि खरं सांगतो, क्षणभर मला गृहपाठ न केल्यासारखं वाटलं. चष्म्याने नाकावर पडलेला वळ, गणित चुकलं की वर जाणारी एकच भुवई, सगळं जसंच्या तसं. समितीकडे तात्यांचा फक्त चेहऱ्याचा एक जुना फोटो होता. त्यावरून या माणसाने तात्यांना परत आणलं होतं. पण गळ्यापर्यंतच. गळ्याच्या खाली जे होतं त्याचा तात्यांशी काडीचा संबंध नव्हता. वाड्याच्या दाराची दोन फाळकी लावावीत तशी छाती, खांद्यावर मांसाचे उंडे, मांड्या तर अशा की तात्यांची अख्खी शाळा त्यांवर बांधता आली असती.

"तोंड तात्यांचं आहे," मी म्हणालो. "बाकीचा हा कोण?"

"मी," असा आवाज पुतळ्याच्या मागून आला. प्लास्टरच्या पोत्यांवर लंगोट लावलेला एक अवाढव्य माणूस केळी खात बसला होता. "हिंदुराव पैलवान. काय खोट हाय माझ्या अंगात, सांगा की."

त्याच्या अंगात खोट नव्हती. माझी तक्रारच ती होती. मी दौलतरावांना समजावून सांगितलं. तात्या दमेकरी होते. शाळेचा जिना चढताना मध्ये थांबायचे आणि आपण थांबलो नसून विचार करतो आहोत असं दाखवायचे. गळ्याखालच्या खळग्यांत मूठ मूठ तांदूळ मावले असते. कोट त्यांच्या अंगावर नसायचाच, तो त्यांच्याबरोबर चालायचा.

दौलतराव शांतपणे ऐकून म्हणाले, "मास्तर, दमेकऱ्याचा पुतळा बघाय कोण येतंय? पुतळा लोकं लांबनं बघत्यात. बारीक माणूस ब्राँझमधी विजेच्या खांबागत दिसतोय. तुमच्या शेठजींनी काय कळवलंय? भारदस्त. ह्ये भारदस्त हाय."

"मग खांब करा," मी म्हणालो. "त्याच खांबावर आमचं गाव उभं आहे."

हे वाक्य मला इतकं आवडलं की पुढे मी ते भाषणातही वापरलं. दौलतरावांवर मात्र काही परिणाम झाला नाही. मी म्हणालो, कोल्हापुरात तुम्ही एकटेच कलावंत नाही, मी दुसरा बघतो.

"बघा की. गाव मोकळं हाय. हिंदुराव, पावण्यास्नी फिरवून आण रं."

आपल्याला नाकारणाऱ्या माणसाला आपणच गाव दाखवायला निघायचं हे आमच्या खानदेशात घडलं नसतं. तिथे दोन पिढ्या बोलणं बंद झालं असतं. हिंदुरावने केळ्याची साल टाकली, सदरा चढवला आणि म्हणाला, "चला. आधी दूध पिऊ."

दगड, शिमिट, पिलाष्टर

गंगावेशीत सकाळी म्हशी उभ्या असतात आणि गवळी धार थेट पेल्यात काढून देतात. दूध पिण्याआधी ते तापवावं, या गोष्टीवर कोल्हापूरकरांचा विश्वास नाही. फेसाने भरलेला पेला माझ्या हातात आला तेव्हा म्हैस माझ्याकडे बघत होती. आमच्याकडे दुधाच्या आणि पिणाऱ्याच्या मध्ये निदान एक भिंत असते. मी डोळे मिटून प्यालो. हिंदुरावने एकामागून एक पेले रिचवले आणि मिशा पुसत मला विचारलं, "बास? एवढंच? घरात काय आजारपण हाय काय?"

पहिला कारखाना दगडाचा. पाथरवट काळ्या दगडात एका संताची मूर्ती घडवीत होता. दगडाची कीर्ती सांगताना त्याने छिन्नी खाली ठेवली नाही. "माती काय, पोरंबी खेळत्यात. दगडात चुकलं की चुकलं. दगूड माफ करत न्हाय." मला हे पटलं. दगडावर माझा आधीपासून विश्वास आहे. आमच्या गावचे बरेच लोक त्याच जातीचे आहेत. मग मी मूर्तीकडे नीट पाहिलं. हा संत म्हणे कंदमुळं खाऊन राहायचा. पण छाती ओळखीची वाटली.

"व्हय," हिंदुराव लाजून म्हणाला. "मीच."

दुसरा कारखाना सिमेंटचा. तिथे कागलच्या बाजूच्या कुठल्याशा गावासाठी मारुती चालला होता. शिमिटवाले मेस्त्री तरुण आणि तडफदार होते. त्यांच्या मते दगड हे राजेशाहीचं काम आणि ब्राँझ म्हणजे चोराला आमंत्रण. "शिमिट म्हंजे स्वराज्य! धरणं शिमिटाची, पूल शिमिटाचं, मग देव कशापायी मागं ऱ्हायाचा?" या तत्त्वज्ञानावर मी त्यांच्याशी बराच वेळ वाद घातला. त्यात मजा आली, आणि माझ्या मते मी जिंकलो. त्यांच्याही मते तेच जिंकले. मारुतीची छाती मात्र वादाच्या पलीकडची होती. हिंदुराव या वेळी न विचारताच म्हणाला, "ह्यो तर मीच असणार की. मारुती दुसरा कोण असतोय?"

तिसरे गृहस्थ सिनेमाच्या सेटसाठी देव करीत. त्यांच्याकडे प्लास्टरचा विष्णू उभा होता, निळा, तेजस्वी, हात लावला तर पोकळ वाजणारा. मी कुतूहलाने मागे जायला निघालो तसे ते ओरडले, "मागं जाऊ नगा पावणं! देव पुढनंच हाय." मागे खरंच काथ्या, बांबू आणि कागदाचा लगदा होता. सगळ्या कोल्हापुरात आपलं काम टिकणार नाही असं आनंदाने सांगणारा हा एकच माणूस भेटला. "शूटिंग झालं की पाडतोय. फुडल्या सिनेमात ह्याच प्लास्टरचा शंकर," ते म्हणाले. विष्णूच्या छातीकडे मी पाहिलं, हिंदुरावकडे पाहिलं. त्याने नुसती मान डोलावली.

परतताना तो मोकळेपणी बोलू लागला. "मलकापूरला बागंत मी हाय. नदीपल्याड एका शाळंत मी हाय. दगडात मी, शिमिटात मी, पिलाष्टरात मी. मुंडकी तेवढी निराळी."

"वाईट नाही वाटत?" मी विचारलं. "लोक नमस्कार दुसऱ्याला करतात."

"करंनात का. हार पडतोय तो माझ्याच छातीवर." थोडं चालून तो म्हणाला, "गुडघा गेला मास्तर. कुस्ती सुटली, खुराक सुटला. आता दोन-चार वर्सांत हे अंगबी उतरतंय. पर तिथं मी हाय तस्सा हाय. म्हातारं हुयाचं काम न्हाय."

मी माझी चाल त्याच्या गुडघ्याच्या बेताने हळू केली. पदवीच्या अभ्यासक्रमात ते नव्हतं.

माझा सदरा

संध्याकाळी मी दौलतरावांपुढे पुन्हा उभा राहिलो. ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांना मानतो.

"घडवतो तसा," ते म्हणाले, "पर मनानं हाडं काढायची आपली पद्धत न्हाय. समोर माणूस पायजे. आणा बारीक माणूस."

दुसऱ्या दिवशी हिंदुराव त्या कामाला निघाला. स्वतःच्या जागी बसायला माणूस शोधायला तोच गेला, यात त्याला काही वावगं वाटलं नाही. तालमीतून त्याने एकाला आणलं आणि "ह्यो आमच्यातला लई वाळका" असं म्हणून माझ्यापुढे उभं केलं. त्या वाळक्याचे दंड माझ्या मांडीएवढे होते. दुसरा आला तो सांगत होता की आजारातून उठलोय. कसल्या आजारातून, हे मी विचारलं नाही. पण आमच्याकडे तसा आजार असता तर लोकांनी तो लावून घेतला असता.

शेवटी तालमीतले वाळके संपले. दौलतराव माझ्याकडे बघत होते. हिंदुरावही बघू लागला. गंगावेशीतली म्हैस बघत होती तसंच.

"मास्तर," दौलतराव हळूच म्हणाले, "सदरा काढा बघू."

मी बी.ए. आहे असं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, आम्ही कुठं न्हाय म्हंतोय. मी म्हणालो, मी समितीचा प्रतिनिधी आहे. ते म्हणाले, मग समितीचाच सदरा काढा. मी गावाकडे निघून जाऊ शकलो असतो. शेठजींना त्या फाळक्यांच्या छातीचा आनंदच झाला असता. पण आईचे शब्द दशम्यांबरोबर पोटात गेले होते. पदवी घेताना विद्यापीठाने माझ्या अंगावर काळा झगा चढवला होता. कोल्हापूरने सदराही ठेवला नाही. मी लाकडी खोक्यावर उभा राहिलो. हिंदुराव माझ्याभोवती एक फेरी मारून आला आणि कळवळून म्हणाला, "आरं द्येवा."

दौलतरावांनी तात्यांची छाती तारेने कापून काढली. ती ओल्या मातीची दोन फाळकी धपकन जमिनीवर पडली तेव्हा हिंदुरावने डोळ्यांवर हात घेतला. मग काम सुरू झालं. दौलतराव माझ्या फासळ्या बोटाने मोजायचे आणि तशाच मातीत उमटवायचे. मधूनच ते तोंडाने "च्च" करायचे.

"डावा खांदा उतरलाय तुमचा," ते एकदा म्हणाले. "वझं वाहिलंय काय?"

"पुस्तकांशिवाय मी काहीही उचललेलं नाही. मी..."

"बी.ए. हाय, म्हाईत हाय. पर खांद्यानं कुठं परीक्षा दिलीया?"

तात्यांचे खांदे सारखे होते, असं मी सांगितलं आणि ताठ उभा राहिलो. थोड्याच वेळात दौलतराव ओरडले, "आवघडू नगा! हाय तसं ऱ्हावा. कोटाखाली जातंय समदं."

खरी अडचण निराळीच निघाली. तात्यांना बारीक ठेवायचं तर मला बारीक राहायला हवं, आणि कोल्हापूर माणसाला ते करू देत नाही. दुपारी दौलतरावांच्या घरी जेवायला बसलो. आम्ही खानदेशी तिखटाला भीत नाही, असं मी जाहीर केलं. तेव्हा वहिनींनी नुसतं "असं व्हय?" म्हटलं आणि तांबड्या रश्श्याची वाटी भरली. त्यानंतरचं बरंचसं जेवण मला दिसलं नाही. डोळे वाहत होते. आमचं तिखट समोरून येतं, नमस्कार करतं आणि मग मारतं. हे मागून येतं. उतारा म्हणून पांढरा रस्सा दिला आणि तो चांगला आहे असं मी बोललो, तशी वाटी आपोआप भरत राहिली. नको म्हणण्याची भाषा त्या घरात कोणाला येत नव्हती. सकाळी हिंदुराव दारात हजर असायचाच, गंगावेशीला नेण्यासाठी.

"मास्तर, सुटलासा!" एका सकाळी दौलतराव माझ्या बरगड्या चाचपत कडाडले. "काल इथं हाड होतं. कुठं गेलं?" हिंदुराव छताकडे बघत होता.

त्याहून मोठी गंमत पुढे झाली. जेवून परत आलो, फडकी काढली, तर तात्यांची छाती भरलेली. सकाळी ज्या खळग्यांत सावली पडत होती ते बुजून गुळगुळीत झाले होते. मी दौलतरावांवर तुटून पडलो. तुमचा हात आपोआप पैलवान करतो, तुम्हांला माणूस करताच येत नाही, असं मी बरंच बोललो. दौलतराव लालबुंद झाले. मीही आवाज चढवला. कोल्हापुरात आवाज चढवल्याशिवाय ऐकू येत नाही हे मला एव्हाना समजलं होतं.

"त्यास्नी बोलू नगा," हिंदुराव म्हणाला. त्याच्या दोन्ही पंजांना ओला शाडू होता. "मीच लावली माती. तुमी जेवाय गेलतासा तवा."

"का?" मी आणि दौलतराव एकदम.

"बघवंना की हो. म्हातारं लई वाळलंय. समदी जेवाय गेली आन् ते एकलंच हितं उभं." तो आपल्या हातांकडे बघत होता. "कुणी घातलंच न्हाय वाटतं त्येला जेवाय."

मी त्याला त्या अर्ध्या भाकरीची गोष्ट सांगितली. ती मी भाषणात सांगतो तेव्हा टाळ्या पडतात. हिंदुरावने मात्र तात्यांच्या गळ्याखालची माती स्वतःच्या अंगठ्याने उकरून काढली, दोन्ही बाजूंची, अगदी हाड लागेपर्यंत. दौलतराव म्हणाले, "आत्ता बरोबर." त्या दोन खळग्यांवर त्यांनी नंतर हात फिरवला नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र हिंदुराव बाजूला येऊन पुटपुटला, "मग मी कुठंच न्हाय व्हय ह्यात?"

याचं उत्तर दौलतरावांनीच दिलं. ब्राँझचं वजन घोट्यांवर येतं. माझ्यासारखे घोटे केले तर तात्या पहिल्याच वादळात समितीच्या अंगावर पडतील. "गुडघ्याखाली तुझं ठेवतो, जा." हिंदुरावने ताबडतोब खोक्यावर पाय ठेवला. मी विरोध केला नाही. समितीच्या अंगावर पडण्याची कल्पना मला आवडली होती, पण तात्यांनी ते केलं नसतं.

मग तात्यांना मातीचं धोतर आणि लांब कोट चढला. कोट अंगावर नव्हता, बरोबर उभा होता, अगदी पूर्वीसारखा. माझ्या मते तात्या पास झाले होते. मी खिशातून पेन काढलं आणि सही कुठे करू म्हणून विचारलं.

"सही न्हाय," दौलतराव म्हणाले. "हितं, बैठकीच्या मागं, वल्ल्या मातीत अंगठा उठवा. म्हंजे मागनं कुणी म्हणाय नगो, ह्यो आमचा माणूस न्हवं. आमची रीतच हाय ती."

माझी सही लांबलचक आहे आणि ती मी विनाकारण कमावलेली नाही, असं मी त्यांना ऐकवलं. ते म्हणाले, सही बारीक पडती, ओतताना बुजती; अंगठा ऱ्हातोय. मी पेन खिशात ठेवलं आणि अंगठा दाबला. वडील जिनात दाबायचे तसा, जरा जास्तच जोराने.

निघताना हिंदुराव स्टेशनवर आला होता. डब्यात शेजारी बसलेल्या माणसाला त्याने बजावलं, "पावण्यास्नी संभाळून न्या. ब्राँझचं हायती."

गावात

प्रवास इथे संपला असं मी समजत होतो. पण पुतळा यायचा होता. तो आला, चौकात चढला, पडदा दूर झाला. चौक जिनाच्या दारासमोरच आहे. मोठे पाहुणे बोलले, शेठजी बोलले, मी खांबाचं वाक्य म्हटलं. कार्यक्रम आटोपल्यावर शेठजींनी मला बाजूला घेतलं. "मास्तर, जरा बारीक वाटतात हो."

"लांबून बघा," मी म्हणालो. "पुतळा लांबून बघायचा असतो."

गर्दी पांगल्यावर आईला घेऊन आलो. ती पदर सावरून बराच वेळ वर बघत राहिली. गळ्याखालचे ते दोन खळगे तिने पाहिले आणि समाधानाने मान हलवली. मला वाटलं, पास. मग ती पुतळ्याभोवती फिरू लागली. खालून सुरुवात केली. "पाय कोना शेतस ते समजत नही," ती म्हणाली. पाय कोणाचे ते मला कळत होतं. ती मागच्या बाजूला गेली आणि तिथेच थांबली. मला वाटलं, अंगठा दिसला. पण तिची नजर वर होती.

"नाना," ती म्हणाली, "मान तात्यासनी शे. पन हाऊ खांदा तं तुना बापना शे."

मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि ती वडिलांचा म्हणत होती तो खांदा पाहिला. कोटाखाली काही गेलं नव्हतं. डावा खांदा गाठीखाली दबल्यासारखा उतरलेला, आणि उजवा त्याला सावरायला किंचित वर. वडील संध्याकाळी जिनाच्या दारातून बाहेर पडत तेव्हा असेच दिसायचे, पाठ रिकामी असतानाही. आईने तात्यांना खाली वाकून नमस्कार केला, आणि उठताना पदर डोक्यावरून जरा पुढे ओढून घेतला. तसा ती फक्त वडील घरात आले की ओढायची.

आता दरसाल जयंतीला शेठजी हार घालतात. हार मोठा असतो आणि तो डाव्या खांद्यावरून सारखा घसरतो. तात्यांना हार सरळ शोभला पाहिजे असा शेठजींचा आग्रह आहे. म्हणून ते स्वतः शिडीवर चढतात आणि आपल्या जिनाकडे पाठ करून तो खांदा नीट झाकेपर्यंत हार वर सरकवत राहतात. मी खाली शिडी धरून उभा असतो, आणि मला घाई नसते.